हरभऱ्याच्या शेंड्याला उलटी लटकलेली अळी दिसली तर लगेच पंप काढू नका

थंडी पडली, हरभरा फुलावर आला की घाटेअळीचे फोटो यायला लागतात, आणि त्यात एक फोटो दरवर्षी असतोच. अळी पार शेंड्यावर चढून मागच्या पायांनी धरून उलटी लटकलीये, अंग पिवळट, लिबलिबीत, बोट लावलं की फुटून पाणी गळतं. खाली प्रश्न, कोणतं औषध मारू? अहो ती मेलीये, आणि तुमचंच काम करून मेलीये.

तिला एचएएनपीव्ही हा व्हायरस लागलेला असतो. अळी कात टाकायच्या वेळी खाणं थांबवते, ते एका हार्मोनमुळे. या जातीच्या व्हायरसांकडे ईजीटी नावाचं जीन असतं, त्यापासून बनणारं एन्झाइम त्या हार्मोनला साखरेचा रेणू चिकटवून निकामी करतं, मग कात टाकणं राहिलं बाजूला, अळी खातच सुटते आणि आत व्हायरस वाढत राहतो. शेवटी तिला उजेडाची ओढ लागते, शेंड्यावर जाऊन मरते आणि व्हायरस खालच्या पानांवर ठिबकतो. 2011 मध्ये स्पाँजी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांवर हे तपासलं होतं, ईजीटी काढून टाकलेला व्हायरस दिला तर अळ्या खालीच मेल्या.

पण मेख अशी की लागण झालेली अळी मरायला 4 ते 7 दिवस घेते आणि तोवर घाटे खाते. म्हणून हा व्हायरस औषध म्हणून फवारायचा तर अळी बारीक असतानाच फवारा, मोठी झाल्यावर मारून रिझल्ट नाही म्हणण्यात अर्थ नाही. आणि फवारणी संध्याकाळीच, उन्हात व्हायरस टिकत नाही, द्रावणात थोडी नीळ टाकतात ती त्यासाठीच.

या व्हायरसच्या औषधाच्या डब्यावर एलई लिहिलेलं असतं ना, ते म्हणजे एका रोगट मोठ्या अळीतून निघणारा व्हायरस, अंदाजे 600 कोटी कण. हेक्टरी 250 एलई म्हणजे 250 अळ्यांचा माल. तुमच्या शेतात अशा लटकलेल्या अळ्या भरपूर असतील तर गोळा करा, पाण्यात ठेचा, फडक्याने गाळा आणि तेच मारा. फक्त कडक होऊन पांढरी-हिरवी भुकटी आलेली अळी यात घेऊ नका, ती बुरशीने मेलेली असते, तीही मित्रच पण वेगळी. काळी पडून सुकलेली अळीसुद्धा सोडा, तिचा माल पानांवर सांडून गेलाय आणि खालच्या अळ्या तीच पानं खाणारेत.