नँड फ्लॅशवर यूबीआयएफएस बसवताना आलेली अडचण: माझा अनुभव

आमच्या एका लहान लिनक्स बोर्डावर कर्नल बदलल्यानंतर नँड फ्लॅश या स्मृती-चिपवरील यूबीआयएफएस ही मूळ फाइल सिस्टीम माउंट होईना (वापरासाठी जोडली जाईना) आणि बूट लॉगमध्ये व्हीआयडी हेडरचा (ब्लॉक कोणत्या खंडाचा आहे हे सांगणाऱ्या नोंदीचा) ऑफसेट, म्हणजे ब्लॉकच्या आरंभापासूनचे अंतर, २०४८ आढळला, अपेक्षित ५१२ होता, अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. चिप सुस्थितीत होती. तंटा केवळ मांडणीचा होता.

यूबीआय, म्हणजे यूबीआयएफएसखाली राहून फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा थर, प्रत्येक इरेज ब्लॉकच्या (एकाच वेळी पुसल्या जाणाऱ्या भागाच्या) आरंभी दोन हेडर लिहिते: एक झिजेच्या मोजणीचा आणि दुसरा व्हीआयडी. २०४८ बाइटचे पान आणि १२८ किबीबाइटचा ब्लॉक असलेल्या नँडमध्ये ५१२ बाइटची सबपेजेस (पानाचे स्वतंत्रपणे लिहिता येणारे भाग) वापरली, तर दोन्ही हेडर एकाच पानात मावतात आणि विदेसाठी १,२९,०२४ बाइट उरतात. ती न वापरल्यास दोन पाने खर्च होऊन १,२६,९७६ बाइट उरतात. चिपवर चढवलेली फाइल सिस्टीमची जुनी प्रतिमा सबपेजेस न वापरण्याच्या पद्धतीने घडवलेली होती, तर नव्या कर्नलचा ड्रायव्हर सबपेजेस ओळखत होता. फ्लॅशची माहिती दाखवणारी एमटीडीइन्फो ही आज्ञा चालवल्यावर हे स्पष्ट झाले.

आमचा बूटलोडरही (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) फ्लॅशच्या याच विभागातून वाचतो आणि त्याला सबपेजेस कळत नाहीत, म्हणून प्रत्येक ब्लॉकमागे २०४८ बाइट गमावणे मला अधिक सुरक्षित वाटले. कर्नलच्या बूट ओळीत यूबीआयच्या विभागनामापुढे स्वल्पविराम देऊन २०४८ लिहिताच माउंट सुरळीत झाले.

प्रतिमा चढवण्यासाठी यूबीफॉरमॅट हेच साधन वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ते झिजेची मोजणी (प्रत्येक ब्लॉक किती वेळा पुसला गेला याची नोंद) जपते आणि शेवटची रिकामी पाने लिहीत नाही. कारखान्यातील साधा प्रोग्रामर ती पानेही लिहीत असेल, तर यूबीआयएफएसची प्रतिमा घडवणाऱ्या एमकेएफएस या आज्ञेला मोठ्या एफचा (-F) पर्याय द्यावा, म्हणजे पहिल्या माउंटच्या वेळी ती जागा दुरुस्त होते.