गणपतीत धर्मावरून वाद घालायचा असेल तर

आमच्याकडे गणपतीत दुसऱ्या दिवशी रात्रीची आरती झाली, मोदक पोटात गेले की कोणीतरी पिन मारतंच, धर्माने माणसाचं भलं केलं की वाटोळं? मग बारा वाजेपर्यंत कल्ला. मी पंधरा वर्षं या वादात आहे आणि बहुतेक वेळा हरलोय, त्यामुळे कुठे माती खायची नाही एवढं नक्की सांगू शकतो.

पहिलं म्हणजे "धर्म" हा शब्द तसाच मोकळा सोडू नका. काकूंच्या डोळ्यासमोर त्यांच्या आईची तुळशीमाळ असते आणि आपल्या डोळ्यासमोर दंगल, मग भांडत बसा रात्रभर. आधी विचारून घ्या, श्रद्धेबद्दल बोलताय, कर्मकांडाबद्दल, देवस्थानाच्या कारभाराबद्दल की जातीबद्दल. अर्धा वाद इथेच मिटतो (थोडी मजा जाते, पण चालतंय).

मग एकच जागा पकडा आणि तिथून हलू नका, नाहीतर गाडी धर्मयुद्धांवरून थेट मंगळयानावर जाते. मी पंढरपूर धरतो. चोखोबांची, म्हणजे दलित संत चोखामेळ्यांची समाधी बघितलीय का? महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाच्या बाहेर. जिवंतपणी आत घेतलं नाही आणि अभंग मात्र आपण आजपर्यंत गातोय, ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा. दलितांना त्या दारातून आत जायला 1947 उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले म्हणून. आता गंमत बघा, अडवणारे धर्माचंच नाव घेत होते आणि उपाशी बसलेला माणूसही देव मानणाराच. हे मांडलं की दोन्हीकडचे जरा वेळ गप्प होतात, तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचं.

बाबासाहेबांचं नाव घ्याल तर पूर्ण घ्या. नास्तिक मंडळी 1935 च्या येवल्यापाशी थांबतात, हिंदू म्हणून मरणार नाही, बास. भाविक मंडळी डायरेक्ट नागपूरला उतरतात, बघा त्यांनाही धर्म लागलाच की. पण 14 ऑक्टोबर 1956 ला तिथे बौद्ध धर्माची दीक्षा देताना 22 प्रतिज्ञा होत्या आणि त्यातल्या पहिल्या काही जुने देव मानणार नाही अशाच आहेत, म्हणजे धर्म लागतो पण असला नको, असा तो मामला आहे, एका वाक्यात बसत नाही, बसवायला जाल तर तोंडावर पडाल.

माझी सगळ्यात मोठी फजिती मांढरदेवीवरून झाली. जानेवारी 2005, काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी, शेकडो माणसं गेली. मी जोरात म्हणालो, बघा, अंधश्रद्धेचे बळी! आत्या शांतपणे सुपारी कातरत होती, म्हणाली, अरे नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, दुकानं पेटली, यात देवीचा काय दोष, क्रिकेटच्या मॅचला पण माणसं चेंगरतात. काय बोलणार! तेव्हापासून उदाहरण टाकण्याआधी मी स्वतःलाच विचारतो, की यातून धर्म काढून घेतला तर हे घडलं असतं का. घडलं असतं तर ते उदाहरण खिशातच ठेवायचं.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणणार, त्यांच्या त्या जादूटोणाविरोधी कायद्याने वारी बंद होणार होती. तिथे आवाज चढवू नका. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, डिसेंबरमध्ये कायदा पास झाला, आणि वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावणार नाही असं त्या कायद्यातच लिहिलंय. मोबाईलवर उघडून समोर धरा आणि गप्प बसा.

आणि हो, ज्याच्या घरात नुकतं कोणी गेलंय त्याच्याशी हा वाद घालायचाच नाही, मुद्दा कितीही भारी असला तरी. जेवणाच्या आधी पण नको, भुकेल्या काकांना कुठलाच मुद्दा पटत नाही.

शेवटी एक प्रश्न येतोच, "मग तू आरतीला टाळ कशाला वाजवतोस?" याचं उत्तर घरून तयार करून जा. माझं अजून झालेलं नाही. गेल्या वर्षी मी म्हणालो, ताल चांगला आहे माझा म्हणून, तर आत्या म्हणाली, तो पण नाही रे.