एका प्रश्नाला ५४ सेकंद

मे २०२३, सोलापूर. एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा. परीक्षा केंद्रात कूलर होता, पण त्याचा वारा पहिल्या दोन रांगांपलीकडे येत नव्हता. मी फिजिक्सच्या ३८व्या प्रश्नावर अडून बसलो होतो. उत्तर जवळपास आलं होतं, फक्त वर्गमूळ काढायचं राहिलं होतं. तेवढ्यात स्क्रीन बदलली आणि मॅथ्सचा पहिला प्रश्न समोर आला. केमिस्ट्रीचे १९ प्रश्न मी उघडलेच नव्हते. परत जायला काही बटण आहे का, ते शोधण्यात आणखी एक मिनिट गेलं. बटण नव्हतं.

मला ८१ पर्सेंटाइल मिळाले, म्हणजे साधारण शंभरातली ८१ मुलं माझ्या मागे. अभ्यास कमी पडला असं घरी सगळ्यांना वाटलं, पण तसं नव्हतं. मी दोन वर्षं जेईईचे, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचे, जाडजूड मोड्यूल (क्लासची सरावाची पुस्तकं) सोडवले होते. एमएचटी-सीईटी म्हणजे त्याचीच सोपी आवृत्ती, वेगळी तयारी कशाला, हा आमच्या क्लासमधला सगळ्यांचा समज. त्याच समजापायी माझं एक वर्ष गेलं.

पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पेपर १८० मिनिटांचा आणि २०० गुणांचा असतो, पण ते खरं तर दोन पेपर आहेत. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. ती वेळ संपली की तो भाग बंद. मग ९० मिनिटांत मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि मॅथ्समध्ये १०८. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे मी न उघडलेल्या त्या १९ प्रश्नांवर डोळे मिटून 'बी' टिचकवलं असतं, तरी चार-पाच गुण पदरात पडले असते!

दुसऱ्या वर्षी मी आधी क्रम बदलला. केमिस्ट्री पहिली, तीही ३५ मिनिटांत उरकायची. तिथे बहुतेक प्रश्न येतात किंवा येत नाहीत, विचार करत बसण्यात अर्थ नसतो. उरलेली ५५ मिनिटं फिजिक्सला. त्यातही पहिल्या फेरीत फक्त वाचताक्षणी वाट दिसणारे प्रश्न घ्यायचे, बाकीचे मार्क करून पुढे. ऐकायला सोपं वाटतं, पण अर्धवट सोडवलेलं गणित सोडून पुढे जायला मला दोन महिने सराव करावा लागला. हात तिथेच घुटमळतो.

दुसरी गोष्ट, बालभारतीची पुस्तकं. मी ती बोर्डाच्या परीक्षेपुरती चाळली होती. केमिस्ट्रीत शेवटी ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचा धडा आहे. जेईईवाले त्याच्याकडे बघतही नाहीत. ग्रीन केमिस्ट्रीची १२ तत्त्वं एका दुपारी वाचून होतात. फिजिक्समध्ये सुपरपोझिशनच्या धड्यात पाइपचं एंड करेक्शन ०.३ गुणिले व्यास असं दिलंय. माझ्या मोड्यूलमध्ये ते ०.६ गुणिले त्रिज्या होतं. एकच गोष्ट, पण घाईत मी व्यासाला ०.६ ने गुणून मोकळा व्हायचो. धड्याखालचे बहुपर्यायी प्रश्न तर सोडूच नका. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत.

अकरावीचं वेटेज साधारण २० टक्के, म्हणजे प्रत्येक विषयात दहाएक प्रश्न. पण अकरावी अख्खी नसते. सीईटी सेलने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने, दिलेले ठरावीक धडेच असतात. ती यादी काढून भिंतीला चिकटवा. माझा मित्र अख्खी अकरावी पुन्हा वाचत बसला आणि बारावीचं इंटिग्रेशन कच्चं राहिलं.

मॅथ्सबद्दल एवढंच, की पर्याय समोर असताना गणित सरळ सोडवायलाच हवं असं नाही. इनडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये बरेचदा पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह घेणं जास्त लवकर होतं. मॅथेमॅटिकल लॉजिक आणि एलपीपी (लिनियर प्रोग्रॅमिंग) हे हक्काचे गुण, ते आधी घ्या. बोर्डात शिक्षक पायऱ्यांना गुण देतात, इथे पायऱ्या कुणी बघत नाही. ही सवय मोडायला वेळ लागतो.

सराव चाचण्या मी सुरुवातीला मोबाइलवर पलंगावर लोळत दिल्या. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. मग गावातल्या नेट कॅफेवाल्या काकांना सांगून रविवारी सकाळी तीन तास कॉम्प्युटर घ्यायचो. माऊस, कच्चा कागद, शेजारी कुणाचं तरी आधारचं काम चाललेलं. चाचणीनंतर वहीत दोन रकाने करायचो. एक 'येत नव्हतं' आणि दुसरा 'येत होतं, पण'. पहिले तीन महिने दुसरा रकानाच लांब असायचा.

२०२४ ला ९६ च्या वर गेलो. किती गुणांना किती पर्सेंटाइल हे मात्र विचारू नका. पेपर अनेक सत्रांत होतो, आणि तुमची तुलना आधी तुमच्या सत्रातल्या मुलांशी होते. पेपर अवघड गेला म्हणून बाहेर येऊन रडणाऱ्यांत मीही होतो, पण तो सगळ्यांनाच गेला होता.

आता कागदपत्रं. हे कुणी वेळेवर सांगत नाही. ओबीसीसारख्या प्रवर्गातून फॉर्म भरणार असाल, तर जातपडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. नॉन-क्रीमीलेयर दाखल्यावरची तारीख बघा, तो त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. आमचा जुना निघाला. मग जूनच्या उकाड्यात पप्पा आणि मी सेतूच्या रांगेत चार दिवस, आणि आमच्या पुढे-मागे सगळी कॅपला (कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांना) बसलेलीच पोरं. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत काढा. टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफी योजनेच्या) जागेवर ट्यूशन फी माफ होते, आणि त्या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या फॉर्ममध्ये, तो वेगळा टाकावा लागतो. मी टाकला नव्हता.