नावाजलेला भयपट बघून ‘एवढंच?’ वाटू नये म्हणून

पिक्चर संपतो, पडद्यावर नावं सरकायला लागतात आणि सोप्यातलं कुणीतरी विचारतं, “झालं? एवढंच?” समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या भयपटाचं हे नेहमीचंच. दोष कधी पिक्चरचा असतो. पण त्याहून जास्त वेळा आपण भलत्याच गोष्टीची वाट बघत बसलेलो असतो, नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये अर्धा पिक्चर आपल्यापर्यंत पोचलेलाच नसतो. ही दोन कारणं आपल्या हातातली आहेत. ती आधी मिटवायची, मग पिक्चरला शिव्या घालायला आपण मोकळे.

आकडा वाचताना

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचं मत अनुकूल पडलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या नव्वदांनी ‘बरा आहे’ म्हणून दहापैकी साडेसहाच दिले असले तरी आकडा नव्वदच दिसतो. शिवाय समीक्षक छायाचित्रण, अभिनय, मांडणी जोखतो. आपण रात्री न्हाणीघरात एकटं जायला घाबरलो की नाही ते जोखतो.

अमेरिकेत सिनेमास्कोर ही पाहणी पिक्चर लागतो त्या पहिल्या रात्रीच प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. ‘हेरेडिटरी’ला (२०१८) समीक्षकांकडून नव्वदच्या आसपास टक्के मिळाले आणि त्याच पिक्चरला प्रेक्षकांनी ‘डी प्लस’ दिला. ‘द विच’ला ‘सी मायनस’. म्हणजे तिकडचा प्रेक्षकही असाच वैतागून बाहेर पडला होता. बेळगावात बसून ‘आपल्याला इंग्रजी पिक्चर कळत नाही’ असं मनाला लावून घ्यायचं काही कारण नाही.

तेव्हा टक्के सोडा आणि परीक्षणातले शब्द हुडका. ‘स्लो बर्न’ असेल तर पहिला पाऊण तास घरातली भांडणं, जेवणं, न बोलता बसलेली माणसं, एवढंच दिसणार. ‘एलिव्हेटेड हॉरर’ म्हणजे भूत हे बहुधा दुःखाचं किंवा अपराधी भावनेचं रूपक असणार. ‘वातावरणनिर्मिती अप्रतिम’ एवढंच कौतुक असेल आणि कथेबद्दल एक ओळही नसेल, तर कथा बारीक आहे. ‘शेवट प्रेक्षकांवर सोडला आहे’ याचा अर्थ शेवट सांगितलेला नाही. हे वाचून मन खट्टू होत असेल तर त्या रात्री तो पिक्चर लावूच नका. तिथेच दोन तास वाचले. आणि ट्रेलरवर विसंबू नका. संथ पिक्चरमधले दचकवणारे चार क्षण एकत्र जोडून ट्रेलर बनतो, मग आपण तेच चार क्षण शोधत बसतो.

आपली एक जास्तीची अडचण आहे. आपल्या भुतांना नियम असतात. मुंजा पिंपळावर, चकवा लागला तर उजाडेपर्यंत. कर्नाटकात नव्वदच्या दशकात दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, लिहायची दंतकथा पसरली होती. ते वाचून भूत त्या रात्रीपुरतं परत फिरतं. नियम आहे म्हणून उपाय आहे. अशा गोष्टींवर वाढलेला प्रेक्षक पहिल्या अर्ध्या तासात ‘हिला काय पाहिजे, उतारा काय’ हे विचारायला लागतो आणि नावाजलेले पाश्चात्त्य भयपट नेमकं तेच सांगत नाहीत. तिथे प्रश्न बदला: भूत यायच्या आधी या घरात काय बिघडलेलं होतं? बहुतेक संथ भयपटांचं उत्तर तिथे असतं.

‘तुंबाड’चं (२०१८) उदाहरण जवळचं आहे. पहिल्यांदा लागला तेव्हा कौतुक भरपूर, थिएटरात गर्दी बेताची. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. पिक्चर तोच होता, पण दुसऱ्या खेपेला येणाऱ्या बऱ्याच जणांना ही भुतापेक्षा लोभाची गोष्ट आहे हे आधीच कानावर आलेलं होतं.

कुठली प्रत, कुठली भाषा

टीव्ही चॅनेलवर लागलेला भयपट बघून मत बनवू नका. ‘ए’ प्रमाणपत्राचा पिक्चर टीव्हीवर दाखवता येत नाही. काटछाट करून, ‘यूए’ घेऊन तो दाखवतात. नेमकं जे अस्वस्थ करणारं तेच गेलेलं असतं, वर दर पंधरा मिनिटांनी जाहिरात. पाहायचा तर ओटीटीवर.

सीमाभागात एकच परदेशी पिक्चर इंग्रजी, हिंदी आणि कधी कन्नडमध्येही मिळतो. भयपटासाठी मूळ भाषाच घ्या. डबिंगमध्ये पार्श्वसंगीत आणि इतर आवाज मूळचे राहतात, पण माणसांचे आवाज स्टुडिओत नव्यानं भरलेले असतात. अडखळणारा श्वास, हुंदक्याआधीचा आवंढा, दुसऱ्या खोलीतून आलेली अर्धवट हाक, हे सगळं साफसूफ होऊन माईकजवळचं होतं आणि भीती निघून जाते. थिएटरचं तिकीट काढताना ॲपवर पिक्चरच्या नावाखालची भाषेची ओळ बघूनच शो निवडा.

उपशीर्षकांची यादी उघडली की पुष्कळदा दोन इंग्रजी दिसतात: साधं ‘इंग्लिश’ आणि ‘इंग्लिश सीसी’. सीसी हे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतं आणि त्यात आवाजही लिहिलेले असतात. पडद्यावर काळोख आहे, बाई जिन्याकडे बघतेय आणि खाली अक्षरं येतात: ‘फ्लोअरबोर्ड क्रीक्स’. फळी करकरायच्या आधीच आपण वाचून मोकळे. साधं इंग्लिश असेल तर तेच निवडा. अक्षरं लहान ठेवा आणि ॲपमध्ये सोय असेल तर रंग पांढऱ्याऐवजी करडा करा. अंधाऱ्या दृश्यात पांढरीशुभ्र ओळ डोळा खाली ओढते आणि अशा पिक्चरात महत्त्वाची गोष्ट मागे, धूसर कोपऱ्यात, संगीताचा इशारा न देता उभी असते. म्हणूनच कन्नड समजत असेल तर कन्नड भयपट आपण उपशीर्षकं बंद करून बघावेत. ही सोय पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला नाही.

याउलट ‘द विच’सारख्या पिक्चरला इंग्रजी चांगलं येत असलं तरी उपशीर्षकं लावाच. त्यातली माणसं सतराव्या शतकातलं इंग्रजी बोलतात.

अंधार

टीव्ही दुकानातून येतो तो ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोडवर. क्रिकेटला ठीक, भयपटाला मारक. पिक्चर मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा असेल तर ‘फिल्ममेकर’ करा. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा: सॅमसंगवर ती ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावानं सापडते, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’. पिक्चर सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ही सोय मधल्या चौकटी स्वतःच्या मनानं भरते आणि पडक्या वाड्यातला प्रसंग दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. वीजबचत आणि खोलीतला उजेड ओळखून पडदा मंद करणारा सेन्सर, हेही बंद.

आता काळा रंग लावून घ्या. काळ्या केसांचं माणूस अंधारात बसलेलं असेल असं दृश्य थांबवा. ‘ब्राइटनेस’ (सोनीच्या नव्या सेटवर ‘ब्लॅक लेव्हल’) हळूहळू वाढवा, केसांच्या बटा वेगळ्या दिसेपर्यंत. मग वरखालच्या काळ्या पट्ट्यांकडे बघा. त्या राखाडी झाल्या असतील तर एक-दोन घर मागे या. ‘बॅकलाइट’ ही वेगळी गोष्ट. रात्री ती निम्म्याच्या खाली आणा. चित्र ‘झूम’वर नको. ‘द विच’च्या चित्राची चौकट टीव्हीपेक्षा थोडी अरुंद आहे, दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या राहतात. त्या घालवायला झूम केलं की वरचं-खालचं चित्र कापलं जातं.

खोलीतला दिवा सुरुवातीच्या दहा मिनिटं आधी घालवा. डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. पूर्ण काळोखात काही एलईडी टीव्हींचा काळा रंग करडा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे झिरोचा पांढरा बल्ब टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. पुढे नको, लाल-निळा तर नकोच. देवघर समोरच असेल तर निरंजनाची ज्योत पडद्यात हलताना दिसते. निरंजन विझवू नका, टीव्हीचा कोन चार बोटं फिरवा.

आवाज

निम्मी निराशा इथेच होते. भयपटाच्या आवाजाचं मिश्रण मुद्दाम तसं केलेलं असतं: कुजबुज अगदी हळू, दणका मोठा. घरातला माणूस कुजबुजीला आवाज वाढवतो, दणक्याला ‘म्हातारी माणसं झोपलीत’ म्हणून कमी करतो आणि दोन तास रिमोट चालवत बसतो. पहिल्या पाच मिनिटांतलं सगळ्यात हळू वाक्य कळेल एवढा आवाज लावा, मग रिमोट ठेवून द्या.

टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर ऑडिओत ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि दोन स्पीकरांत कोंबताना पुष्कळदा तेच दबतात. ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद ठेवा. कुजबुज आणि दणका सारखे करणं हेच त्यांचं काम. टीव्हीच्या पातळ स्पीकरांतून खर्जातली घरघर जवळजवळ येतच नाही आणि संथ पिक्चरमध्ये जीव कासावीस करणारी तीच असते. साउंडबार नसेल तर वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे राहू शकतो. किंकाळी ओठांच्या नंतर आली की हसूच येतं.

पंखा पाचवरून दोनवर. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मात्र यातलं काही चालत नाही. तेव्हा हेडफोन, नाहीतर पिक्चर ऑक्टोबरवर ढकला.

करंट आणि नेट

लाईट गेली की टीव्ही इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण राउटर दुसऱ्या लाइनवर असेल तर बंद पडतो आणि पुन्हा जुळेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. राउटर आधीच इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. पिक्चर अडलाच तर अडला तिथून नव्हे, पाच मिनिटं मागून सुरू करा. ताण पुन्हा भरायला तेवढं लागतं.

नेट मंद झालं की ॲप गुपचूप दर्जा उतरवतं आणि त्याचा पहिला बळी काळोख: सावलीच्या जागी चौकोन नाचायला लागतात. नेटफ्लिक्सला एचडीसाठी तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, तेव्हा दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर दोन तासांचा पिक्चर निभत नाही. त्यांचा फक्त मोबाइलचा स्वस्त प्लॅन ४८०पीवरच थांबतो. अंधाऱ्या पिक्चरला तो नको. ज्या गावांत संध्याकाळी नेट रडतं तिथे दुपारीच सगळ्यात वरच्या दर्जानं डाउनलोड करून ठेवा.

माणसं

संथ भयपटाला दोघं-तिघं पुरे. सुट्टीत निपाणीहून, कारवारहून आलेली सगळी भावंडं एकत्र बसणार असतील तर हसवणारा भूतपट लावा; दहा जणांत एकाला बोलायचंच असतं. फोन दुसऱ्या खोलीत. पोटभर मटण-भाकरी खाऊन लगेच बसू नका, पहिल्या पाऊण तासात डोळे मिटतात आणि पुढे काहीच कळत नाही. थिएटरला जायचं तर शनिवार-रविवारची रात्र टाळून आठवड्यातला दुपारचा शो घ्या. मध्यंतर मात्र चुकत नाही; मुळात मध्यंतर नसलेला पिक्चर कुठेही कापलेला असतो. त्या दहा मिनिटांत फोन उघडून ‘शेवट काय’ ते शोधू नका.

हे सगळं करूनही पिक्चर कोरडा गेला तर दोन दिवस जाऊ द्या. मग ज्या प्रसंगाचं सगळ्यांनी कौतुक केलंय तेवढा एकच, दहा मिनिटांचा, हेडफोन लावून अंधारात बघा. तेव्हाही काही झालं नाही तर पिक्चर तुमच्यासाठी नव्हता. डाउनलोड डिलीट करा, फोनमधली जागा मोकळी होईल.