शिक्षण सेवकाचं पहिलं वर्ष आणि नाताळची एक सुट्टी

डी.एल.एड. ही शिक्षकाची पदविका, टीईटी ही पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग 'पवित्र' या सरकारी शिक्षक भरतीच्या पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून वाट बघणं. यात इतकी वर्षं गेली की २०२४ मध्ये नियुक्तीपत्र हातात आलं तेव्हा वाटलं, अवघड होतं ते संपलं. रायगडमधल्या कर्जत तालुक्यातली वाडीवरची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, माझ्या पटावर २६ मुलं. तुमच्यापैकी जे नव्याने रुजू होत आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला पहिल्या महिन्यातच कुणी हे सांगितलं असतं, तर काही मुलांचं अर्धं वर्ष वाया गेलं नसतं.

मानधन, कागदपत्रं याबद्दल थोडक्यात सांगते. शिक्षण सेवक म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर काम करणारा शिक्षक. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना १६,००० रुपये, तेही तीन वर्षं. पोषण आहाराच्या नोंदी, यूडायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती हे सगळं त्या त्या दिवशी लिहून टाका. साठवलं की शनिवार-रविवार त्यातच जातात. निवडणुकीचं काम कायद्यानेच शिक्षकांकडे येतं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्याआधीचे प्रशिक्षणाचे दिवस धरून वर्ग सरांवर टाकून जावं लागलं. हे टळत नाही, म्हणून त्याचा त्रास करून घेऊ नका. खरं अवघड वर्गात असतं.

माझ्या वर्गात गोंगाट फार होता. मी समूहवाचन घ्यायचे तेव्हा मुलं एका सुरात धडा म्हणायची आणि मला बरं वाटायचं. दहा मिनिटांनी स्वाध्याय दिला की मागच्या रांगेत मारामारी. घसा बसेपर्यंत ओरडले. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, हे परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. तरीही ऑक्टोबरात एका दुपारी मी पट्टी उगारली. मारली नाही. पण समोरच्या मुलाने ज्या सवयीने डोक्यावर हात घेतले, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दिवाळीनंतर वर्गात २२ उरले. चार घरं वीटभट्टीवर गेली होती. आमच्याकडे कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. ते निघण्याआधी हातात पडायला हवं. मला हे कळलं तेव्हा घरांना कुलपं लागली होती. तुम्ही सप्टेंबरमध्येच पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारा. कोण कुठल्या भट्टीवर जाणार, कोणी भट्टीमालकाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली, हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.

डिसेंबरात मी पार थकले होते. लेक सहा वर्षांची, तिच्या इंग्रजी शाळेला नाताळची आठवडाभर सुट्टी. आम्हाला २५ तारखेचा एकच दिवस. दोन महिने पैसे बाजूला टाकून आम्ही चौघं खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात गेलो. निघताना मी पिशवीत वह्या घालत होते. सासूबाईंनी त्या काढून कपाटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "आज पोरीची आई म्हणून चल."

नाताळ म्हणून गर्दी प्रचंड. जिकडेतिकडे चांदण्या, लाल टोप्या, सजवलेलं झाड. लेकीला नायट्रो या रोलर कोस्टरच्या लोखंडी वळणांनी वेड लावलं होतं. आम्ही बराच वेळ रांगेत उभे राहिलो. पुढे गेल्यावर तिथल्या मुलीने तिला उंचीच्या पट्टीला पाठ लावून उभं केलं. चांगलीच कमी भरली. लेकीचे डोळे भरून आले. ती मुलगी खाली बसली आणि म्हणाली, "तू अजून वाढते आहेस. तोवर तिकडे हत्ती उडतात ना, ते तुझ्या मापाचे आहेत. आधी त्यात बस." मागे एवढी रांग असूनही तिने घाई केली नाही. लेक उडत्या हत्तीत तीनदा बसली आणि प्रत्येक वेळी वरून हात हलवत राहिली.

मी खाली उभी होते आणि मला माझा वर्ग दिसत होता. सहा महिन्यांत मी एकाही मुलाला असं एकटं उभं करून मापलं नव्हतं. सगळ्यांना एकाच पाळण्यात बसवलं होतं आणि जे घाबरून आरडाओरडा करत होते त्यांच्यावर चिडत होते.

२६ तारखेपासून रोज पाच-सहा मुलांना एकेकटं व्हरांड्यात बोलावलं. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची वाचन तपासायची पद्धत मला पदविकेपासून माहीत होती: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, मूल जिथे अडखळेल तो त्याचा स्तर. चार दिवस लागले. २२ पैकी गोष्ट वाचणारे पाच निघाले. आठ जणांना सगळी अक्षरंही ओळखता येत नव्हती. समूहवाचनात सगळ्यात मोठा आवाज असलेल्या मुलाला धडा पूर्ण पाठ होता, पण मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं तर तो गप्प झाला. मागच्या रांगेतली भांडणं करणारे बहुतेक या आठांतलेच होते.

मग रोज पहिला दीड तास इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार गट केले. अक्षर गटासाठी पुस्तकातले शब्द घेतले नाहीत, मुलांनीच आणलेले घेतले: मोहा, खेकडा, शेवळं, टाकळा, कुर्डू. 'कुर्डू' फळ्यावर लिहिताना रफार कुठे द्यायचा यावर पाचजणी वाद घालत होत्या आणि त्या गोंगाटात मला एकदाही ओरडावंसं वाटलं नाही. मार्चअखेर आठपैकी सहा जण शब्द वाचू लागले. दोघांचं अजून जुळत नाही. त्यातल्या एकीला फळा नीट दिसत नव्हता, हे मला फेब्रुवारीत कळलं. डोळे तपासायचं आधी सुचायला हवं होतं.

त्या नाताळच्या संध्याकाळी परतताना लेक सासूबाईंच्या मांडीवर झोपली होती. कर्जतच्या वाटेवर शेतात एक भट्टी पेटलेली दिसली. मी गाडी थांबवायला सांगितली, उतरून गेले, पण तिथे आमच्या वाडीतलं कुणी नव्हतं.

जूनमध्ये चौघांपैकी तिघं परत आले. जो जिथे अडखळला तिथूनच त्याचं सुरू केलं, चौथीत आला म्हणून चौथीचं पुस्तक हातात दिलं नाही. चौघांतली उरलेली मुलगी आली नाही. ताई म्हणतात, ते कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात कोळशाच्या कामावर गेलं. तिचं हमी कार्ड भरून तयार आहे, नाव पटावर आहे, आणि पत्त्याची चौकशी मी दर सोमवारी करते.