गिरणेच्या डोहात महिनाभर बुडवायची पट्टी

“ताई, पानीमा काय टाकी राहिनी?” भोईदादांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांना लोणच्याच्या डब्याचं उदाहरण दिलं. प्लास्टिकचा डबा कितीही घासा, तेलामसाल्याचा वास जात नाही. तेलात विरघळणारी विषंही प्लास्टिकमध्ये अशीच मुरतात. नदीत प्लास्टिकची स्वच्छ पट्टी ठेवली की तीही हळूहळू मुरते, आणि मग तिच्यातून नदीचं म्हणणं काढता येतं.

बाटलीभर पाण्याला फक्त त्या घडीचं कळतं. आपल्याकडे कपाशीवर फवारणी होते, रात्री पाऊस कोसळतो, नाल्यातून औषध नदीत उतरतं आणि सकाळपर्यंत पुढे निघून जातं. दुपारी भरलेल्या बाटलीत काहीच सापडत नाही. महिनाभर बसलेल्या पट्टीच्या हाती त्यातलं काहीतरी लागतंच. याला पॅसिव्ह सॅम्पलिंग म्हणतात.

मी लो-डेन्सिटी पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा, काहीही न मिसळलेला, ५० मायक्रॉन जाडीचा कागद वापरते. ५ बाय ३० सेंटिमीटरची पट्टी पाऊण ग्रॅमपेक्षाही हलकी भरते. ती आधी हेक्सेनमध्ये, मग मिथेनॉलमध्ये (ही दोन्ही द्रावकं) भिजवून धुवायची. नंतर मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणात हलवत ठेवून तिच्यात खुणेची रसायनं भरायची. ही नदीत कुठेच नसतात, उदाहरणार्थ ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेले पीएएच (धुरात सापडणाऱ्या रसायनांचा एक गट). ती किती निघून जातात, यावर शेवटचा हिशेब बसतो. पट्टी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायची.

नदीवर जाताना हाताला क्रीम, डासांचं मलम काही लावू नका. पट्टी स्टीलच्या तारेनं स्टीलच्या चौकटीत बसवा, नायलॉनची दोरी नको. चौकटीला दगड बांधून ती डोहाच्या तळाशी टेकवा. इथे माझं एकदा फार नुकसान झालं. धरणाचं आवर्तन सुरू असताना मी काठाजवळ पट्ट्या लावल्या. आवर्तन बंद झालं, पाणी ओसरलं आणि महिन्यानं गेले तर पट्ट्या वाळूवर उन्हात लोंबत होत्या. पट्टी हवेतूनही शोषते, त्यामुळे सगळं काम टाकून द्यावं लागलं. म्हणून आवर्तनाच्या तारखा आधी विचारून घ्या, आणि चौकट काढेपर्यंत नजर ठेवायला भोईदादांनाच सांगा. म्हशींचा उतार कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं.

गाळासाठी तीच चौकट उभी, अर्धी गाळात अर्धी पाण्यात खुपसायची. शेतातली माती असेल तर ती प्रयोगशाळेत आणून पाण्यात कालवायची आणि पट्टीसह काही आठवडे हलवत ठेवायची. मातीत एकूण किती विष आहे यापेक्षा त्यातलं किती सुटं आहे, किडा-मासोळीच्या अंगात किती शिरेल, हे यातून कळतं. मला तोच आकडा जास्त मोलाचा वाटतो.

२८ दिवसांनी पट्टी काढली की शेवाळ ओल्या टिशूनं पुसा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. मे महिन्यात जळगावपर्यंत डबा उघडा पडू देऊ नका. मग पट्टीत मुरलेलं हेक्सेनमध्ये दोनदा काढून जीसी-एमएसवर, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रावर, लावा.

हिशेब असा. समजा, खुणेच्या रसायनातलं ६० टक्के निघून गेलं. बाहेर जाण्याचा आणि आत येण्याचा वेग सारखाच, म्हणजे तशाच स्वभावाचं विष समतोलाच्या (पट्टी आणखी शोषेनाशी होते त्या पातळीच्या) ६० टक्क्यांपर्यंत आत आलं. पट्टीत दर ग्रॅमला ३० नॅनोग्रॅम मिळालं, तर त्याला ०.६ ने भागून ५० येतं. त्याला त्या रसायनाच्या पट्टी-पाणी विभाजन गुणांकानं, म्हणजे ते पाण्यापेक्षा पट्टीत किती पट मुरतं त्या आकड्यानं, भागलं की पाण्यातलं प्रमाण निघतं.

हे क्लोरपायरीफॉससारख्या तेलात विरघळणाऱ्या औषधांपुरतं. इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी औषधं या पट्टीत जवळजवळ शिरतच नाहीत, त्यांना पोसिस नावाची चकती लावतात. केळीवर फवारलेल्या कॉपर ऑक्सिक्लोराइडचं तांबं मोजायचं असेल तर डीजीटी हे धातू मोजायचं जेलचं साधन घ्या. १९९४ साली विल्यम डेव्हिसन आणि हाओ झांग यांनी मांडलेलं हे तंत्र आहे. जेलमधून धातू आतल्या रेझिनपर्यंत झिरपतो आणि तिथे धरला जातो. जेल सुकू देऊ नका आणि पाण्याचं तापमान रोज नोंदवा, कारण झिरपण्याचा वेग त्यावरच ठरतो.

प्रत्येक फेरीत एक पट्टी नुसती काठावर उघडून, बाकीच्या पट्ट्या हाताळायला लागतो तेवढाच वेळ हवा दाखवून परत फॉइलमध्ये बंद करा. तीही बाकीच्यांबरोबरच तपासायची. शेजारच्या वावरात त्या दिवशी फवारणी चालू असेल, तर तिच्यातच औषध सापडतं, आणि ते नदीतलं नव्हे, हवेतलं हे कळतं.