आंब्याची पालवी लाल झाली म्हणून औषध मारताय? उन्हाच्या बाबतीत या चुका टाळा

आंब्याला नवी पालवी फुटली की हमखास कोणीतरी फोटो पाठवतं, पानं तांबूस लाल, लुळी पडून खाली लोंबतायत, आणि खाली प्रश्न, "कोणतं औषध मारू?" काहीच मारू नका. पाणीही वाढवू नका. झाड ठणठणीत आहे.

कोवळ्या पानाचा मेणाचा थर अजून पातळ असतो, हरितद्रव्याचं काम नीट बसलेलं नसतं, भर दुपारचं ऊन त्याला झेपत नाही. म्हणून झाड पान लोंबतं ठेवतं, डोक्यावरचं ऊन सपाट न पडता कडेने निसटून जातं, आणि आत अँथोसायनिन भरतं, तोच हा लाल रंग. मार्चमधे सह्याद्रीत कोशिंब बघा, लांबून वाटतं झाड फुलांनी लाल झालंय, जवळ गेल्यावर कळतं ही सगळी पालवीच आहे. पान जून झालं की आपोआप हिरवं होतं आणि ताठ उभं राहतं.

आता इथे अजून एक गैरसमज आहे, लाल रंग म्हणजेच झाडाचं सनस्क्रीन. अर्धंच खरं. अँथोसायनिन मुख्यतः डोळ्यांना दिसणारा जादाचा उजेड गाळतं. अतिनील किरणांमधले घातक यूव्ही-बी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, अडवतात ते फ्लेवोनॉइड गटातले पदार्थ, क्वेरसेटिन, केम्फेरॉल वगैरे, आणि ते आपल्या डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत. पानाच्या अगदी वरच्या कातडीत ते साठवलेले असतात, यूव्ही वरच अडतं आणि अन्न बनवायला लागणारा उजेड आत जातो. मला ही रचना कितीही वेळा वाचली तरी नवल वाटतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच, आणि ती मी स्वतः केलीय. मिरचीची रोपं बंद काचेच्या खिडकीत वाढवली, छान हिरवीगार, आणि एप्रिलमधे एका सकाळी सगळी उचलून गच्चीवर नेली. संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरट कागदासारखे डाग. एका पानावर तर वरच्या पानाची सावली जिथे पडली होती तेवढाच तुकडा हिरवा राहिला, त्याच आकाराचा, जणू ठसा उमटवलाय. झालं काय, तर साधी काच यूव्ही-बी जवळपास सगळं अडवते, आणि झाडाला सनस्क्रीन बनवायचा निरोप मुख्यतः त्या यूव्ही-बीमुळे मिळतो. यूव्हीआर८ नावाचं प्रथिन हे किरण ओळखतं, शास्त्रज्ञांनी ते २०११ मधे दाखवून दिलं. निरोपच नाही तर तयारी कुठून होणार. अर्थात दोष एकट्या यूव्हीचा नव्हता, लख्ख उजेड आणि उष्णता पण होतीच, पण रोपांना तिन्हीची सवय नव्हती. आता मी आठ-दहा दिवस घेते, आधी सकाळचं तासभर कोवळं ऊन, मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. नर्सरीत शेडनेटखाली वाढलेल्या रोपांनाही हेच करा. आणि ऑक्टोबर हीटमधे विशेष जपा, पावसाळाभर ढगाळ हवेत वाढलेली मऊ पानं एकदम कडक उन्हात सापडतात, तेव्हा दुपारपुरती आडोशाला नेली तरी पुरतं.

एचेव्हेरियासारख्या जाड, रसाळ पानांच्या सक्युलंटवर पांढुरकी भुकटी दिसते ना, ती धूळ समजून पुसू नका, ते मेण आहे, ऊन परतवतं, आणि पुसलेल्या पानावर ते पहिल्यासारखं परत येत नाही. कुंडी हलवताना सुद्धा पानाला बोट लावू नका. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी भर उन्हात नको, संध्याकाळी करा.

नक्की ऊनच लागलंय का हे ओळखायचं असेल तर डाग कुठे आहेत बघा. उन्हाच्या बाजूच्या पानांवरच असतील आणि झाकलेला भाग हिरवा असेल तर ऊन. जुन्या पानांच्या फक्त कडा करपल्या असतील तर पोटॅशची कमतरता असू शकते. बारीक बारीक ठिपके आणि पानाखाली जाळी असेल तर कोळी कीड. आणि नवी पालवी सोडून खालची जुनी पानं जांभळी पडत असतील, मक्यात हे सहज दिसतं, तर फॉस्फरस कमी पडतोय का ते बघा.

भाजलेलं रोप घाबरून अंधाऱ्या खोलीत नेऊ नका. यूव्हीने डीएनएची मोडतोड होते, आणि ती दुरुस्त करणारं फोटोलायेज नावाचं एन्झाइम उजेडावरच, मुख्यतः निळ्या उजेडावर चालतं, म्हणून उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशी जागा द्या. डागाळलेलं पान परत हिरवं होणार नाही, पण त्याचा हिरवा भाग अजून काम करतोय, लगेच खुडू नका. नवी पानं थोडी लहान आणि जाडसर आली तर खत कमी पडलं असं लगेच समजू नका, उघड्यावरच्या उन्हात वाढलेली पानं तशीच असतात.